पांढऱ्या उंदराचं कूळ

रत्नागिरीत कुणी उंदीर पाळायचा म्हणाला, तर घरातली थोरली माणसं आधी त्याच्याकडे आणि मग माळ्याकडे बघतील. त्यात त्यांचं काही चुकत नाही. इथला उंदीर वाशांवरून पळतो, भाताची कणगी फोडतो, माडावर चढून कोवळे नारळ कुरतडतो. त्याच्यासाठीच खोडाला पत्रा गुंडाळावा लागतो. शिवाय प्लेगच्या आठवणी आहेत. १९२४ साली स्थानबद्ध सावरकरांनाही रत्नागिरीतल्या प्लेगमुळे काही काळ नाशिकला जावं लागलं होतं.

पण पिंजऱ्यातला उंदीर या माळ्यावरच्या उंदीरमामांचा भाचा नव्हे. माळ्यावरचा तो रॅटस रॅटस : शेपूट अंगाहून लांब, कान मोठे, चढण्यात पटाईत, आणि मूळचा आपल्याच मुलखातला. पाळीव तो रॅटस नॉर्वेजिकस. नाव नॉर्वेचं असलं तरी त्याचं मूळ घर उत्तर चीन-मंगोलियाच्या बाजूला. अठराव्या शतकात तो युरोपभर पसरला.

त्याला पाळण्याची हौस जपानात जुनी. ओसाकात १७७५ सालीच उंदीर कसे वाढवावेत यावर पुस्तक छापलं गेलं होतं. आजच्या पाळीव उंदरांची गोष्ट मात्र सांगतात ती लंडनची. तिथे १८३५च्या कायद्याने अस्वलांच्या आणि बैलांच्या झुंजींवर बंदी आली, आणि उंदरांचे दिवस भरले. खड्ड्यात ढीगभर उंदीर सोडायचे आणि कुत्रा ते किती वेळात मारतो यावर पैजा लावायच्या. जॅक ब्लॅक नावाचा इसम स्वतःला व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा म्हणवून घ्यायचा. पकडलेल्यांत एखादा वेगळ्या रंगाचा निघाला की तो बाजूला ठेवायचा, त्याची वीण वाढवायचा आणि हौशी बायकांना विकायचा. उंदीर मारून पोट भरणाऱ्यानेच उंदीर पाळायची चाल रूढ करावी, हा विनोद मला फार आवडतो. पुढे १९०१मध्ये मेरी डग्लस या बाईंनी इंग्लंडमधल्या एल्सबरीच्या पाळीव प्राण्यांच्या प्रदर्शनात उंदरांना मानाची जागा मिळवून दिली. १९०६मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगशाळेचा प्रसिद्ध पांढरा वाण सुरू झाला.

जपानी संशोधकांनी २०१२ साली या कुळाचा छडा लावला. प्रयोगशाळांमधल्या पांढऱ्या उंदरांचे ११७ वाण तपासले, तर सगळ्यांत पांढरेपणाचा जनुकीय बदल एकच. शिवाय त्या पांढऱ्या केसांखाली डोक्याखांद्यांवर टोपरं घातल्यासारख्या रंगखुणेचा जनुकही लपलेला. म्हणजे प्रयोगशाळेत शिरण्याआधी त्यांचा पूर्वज बहुधा कुणाच्या तरी हौसेचा उंदीर होता.

तेव्हा माळ्यावरचं पिल्लू पकडून माणसाळवायच्या नादाला लागू नका. त्याच्यामागे माणसाळलेल्या पिढ्या नाहीत. पाळीव पिल्लं घ्यायची तर दोन घ्या, कारण उंदीर एकटा झुरतो, आणि दोन्ही नर किंवा दोन्ही माद्याच घ्या. पाचव्या आठवड्यापासून मादी गाभण राहू शकते, आणि बावीस-तेवीस दिवसांत पिंजरा भरतो. हाताकडे आपणहून येणारं पिल्लू निवडा. श्वास घरघरत असेल तर ते नको. पिंजरा घरच्या मोकाट उंदरांच्या वाटेपासून लांब ठेवा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) आजार त्यांच्या मुतातून येतो. आणि घरच्या पोरांना आधीच सांगून ठेवा, की हा पाहुणा जेमतेम दोन-तीन वर्षांचा आहे.