गॅरेजवाला म्हणतो 'हे बदलावंच लागेल', तेव्हा किती विश्वास ठेवायचा?

सकाळी गाडी सर्व्हिसिंगला टाकलेली असते. दुपारी बाराच्या सुमारास फोन वाजतो. "साहेब, गाडी बघितली. पुढचे ब्रेक पॅड संपलेत, लिंक रॉड वाजतोय, ब्रेक ऑइल खराब झालंय आणि थ्रॉटल बॉडी पण साफ करून घ्या. करू ना?" गाडी तिकडे रॅम्पवर, मालक इकडे ऑफिसात. चार हजारांचं एस्टिमेट बघता बघता अकरा हजारांवर जातं आणि बहुतेक जण "करा" म्हणून फोन ठेवतात. संध्याकाळी बिल हातात पडलं की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चर्चा, लुटलं की काय?

कधी खरंच लुटलेलं असतं. कधी त्या माणसाने वेळेवर सांगितलं म्हणून घाट उतरताना होणारा अपघात टळलेला असतो. आणि अडचण अशी की गाडीच्या मालकाला दोन्ही प्रकार अगदी सारखेच दिसतात.

गोची नेमकी कुठे आहे?

भाजी घेताना भेंडी मोडून बघता येते. हॉटेलात जेवण वाईट निघालं तर पुढच्या वेळी जायचं नाही, विषय संपला. पण गाडीच्या दुरुस्तीत काम झाल्यावरसुद्धा कळत नाही की त्याची गरज होती की नव्हती. लिंक रॉड बदलला, आवाज गेला. पण आवाज लिंक रॉडचा होता की नुसता एक नट ढिला होता, हे मालकाला कधीच कळणार नाही.

अर्थशास्त्रात याचा रीतसर अभ्यास झालाय. १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ यांनी जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे चांगल्या गाडीलाही चांगला भाव मिळत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. याच कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. पुढे १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी दुरुस्तीसारख्या सेवांचा वेगळा गट पाडला. इथे आजार सांगणारा आणि औषध विकणारा एकच माणूस असतो, त्यामुळे ग्राहकाच्या हाती फक्त भरवसा उरतो.

म्हणूनच यात मार फक्त ग्राहकाला बसत नाही. प्रामाणिक मिस्त्रीलाही बसतो. टायमिंग बेल्टची मुदत संपलीय हे तो जीव तोडून सांगतो, मालकाला वाटतं हा गिऱ्हाईक कापतोय. तो बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, आणि मग खर्चाचा आकडा बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

माणूस वाईट की पगाराची पद्धत?

या विषयातलं सगळ्यात बोलकं प्रकरण अमेरिकेतलं आहे. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन दुरुस्ती ब्युरोने सिअर्स या प्रसिद्ध दुकान साखळीच्या गाडी-दुरुस्ती केंद्रांवर आरोप ठेवले. ब्युरोचे लोक साधे ग्राहक बनून, आधी तपासून ठेवलेल्या गाड्या घेऊन तिथे गेले होते. अशा ३८ फेऱ्यांपैकी ३४ वेळा नको असलेलं काम सुचवलं किंवा केलं गेलं, असं ब्युरोचं म्हणणं होतं.

सिअर्स ही काही कोपऱ्यावरची टपरी नव्हती. पिढ्यानपिढ्या लोक डोळे झाकून तिथे खरेदी करत होते. मग असं का झालं? दोनेक वर्षं आधी कंपनीने कर्मचाऱ्यांच्या पगाराची पद्धत बदलली होती. सल्ला देणाऱ्यांना विक्रीवर कमिशन आणि कामांचे कोटे ठरवून दिले होते. प्रकरण पेटल्यावर कंपनीच्या अध्यक्षांनी, या पद्धतीमुळेच चुका होतील असं वातावरण तयार झालं, हे मान्य केलं आणि ती योजना बंद केली.

आपल्याकडच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली की समोर जॉब कार्ड घेऊन येतो तो सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर. गाडीखाली झोपणारा टेक्निशियन वेगळा. अनेक ठिकाणी या अ‍ॅडव्हायजरला महिन्याचं टार्गेट असतं. इंजिन फ्लशिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग, इंजिन ड्रेसिंग ही नावं त्यामुळे दर सर्व्हिसिंगला कानावर पडतात. ही कामं करून गाडीचं वाटोळं होतं असं नाही, पण कंपनीच्या मॅन्युअलमधल्या सर्व्हिस शेड्यूलमध्ये ती सहसा नसतात. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत पडून असलेलं ते पुस्तक काढून किती किलोमीटरला काय बदलायचं हा तक्ता एकदा बघितला, तरी निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

गल्लीतल्या गॅरेजचं गणित वेगळं. तिथे लेबर कमी लावलेली असते, कमाई पार्टच्या मार्जिनवर निघते. म्हणून तिथे "नवीन टाकू या" हे वाक्य लवकर येतं. कंपनी पार्ट सांगून लोकल टाकण्याचे प्रकारही इथेच जास्त होतात.

जे काळं दिसतं ते खराबच असतं का?

घाबरवण्याच्या काही ठरलेल्या युक्त्या आहेत. डिपस्टिक काढून काळं ऑइल दाखवणं ही त्यातली जुनी. डिझेल इंजिनचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण इंजिनातली काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून निकाल लावता येत नाही, किलोमीटर आणि महिने बघायचे.

दुसरी युक्ती स्कॅनरची. चेक इंजिनचा दिवा लागला की मिस्त्री डॅशबोर्डखालच्या सॉकेटला मशीन लावतो आणि कोड वाचतो. पण कोड कुठला पार्ट गेलाय ते सांगत नाही, कुठली नोंद अपेक्षेपेक्षा वेगळी आली एवढंच सांगतो. पी-०४२० हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय असं म्हणतो. कारण कन्व्हर्टर असू शकतं, ऑक्सिजन सेन्सर असू शकतो, सायलेन्सरच्या पाइपातली गळतीही असू शकते. या तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोड वाचून लगेच सगळ्यात महाग पार्ट सांगणाऱ्याला "बाकीच्या दोन गोष्टी तपासल्या का?" एवढं विचारावं.

आता उलट बाजू. ब्रेक ऑइल बदला असं सांगितलं की अनेकांना ती पक्की लूट वाटते. गाडी तर व्यवस्थित थांबतेय! पण ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीच्या फ्लुइडचं मानक बघा. नवं कोरडं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ओल धरलेल्या फ्लुइडसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. शहरात ऑफिस ते घर करताना हा फरक जाणवत नाही. आंबेनळी किंवा वरंधा घाट भरल्या गाडीने, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरताना ब्रेक तापतात, फ्लुइड उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, एवढंच कारण. बऱ्याच कंपन्या साधारण दोन वर्षांनी फ्लुइड बदलायला सांगतात. घाट उतरताना खालचा गिअर लावावा हे जुने ड्रायव्हर सांगतात, तेही याचसाठी.

ब्रेक पॅडचं तर मोजमापच करता येतं. नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो आणि ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली. टायरवर खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. या गोष्टी "दाखवा" म्हटलं की दाखवता येतात. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर गाडीचा नंबर दिसेल असा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवता येतो. चांगला मिस्त्री याला वैतागत नाही, उलट त्याचंच काम सोपं होतं.

१५ वर्षं गाडी तपासतं कोण?

हा मुद्दा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. तेवढ्या काळात सरकारी नियमाने तिची होणारी नेमाची तपासणी म्हणजे पीयूसी, आणि पीयूसीत फक्त धूर बघतात. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांची सक्तीची तपासणी पहिल्यांदा होते ती १५ वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. टॅक्सी, टेम्पोसारख्या व्यावसायिक वाहनांना फिटनेस सर्टिफिकेट त्याच्या कितीतरी आधीपासून लागतं. म्हणजे घरच्या गाडीचा एकमेव तपासनीस हा गॅरेजवालाच, ज्याला दोष सापडला तरच पैसे मिळतात.

ब्रिटनमध्ये तीन वर्षं झालेल्या गाडीला दरवर्षी एमओटी चाचणी द्यावी लागते. १९६० पासून ही पद्धत आहे. पण चाचणी करणारं गॅरेजच दुरुस्तीही करू शकतं, म्हणून तिथेही हाच संशय कायम असतो. त्यामुळे काही जाणकार लोक स्थानिक कौन्सिलच्या केंद्रात गाडी नेतात, जिथे लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती होतच नाही. भारतात २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आले, त्यांत हा धडा घेतलेला दिसतो. असं केंद्र चालवणाऱ्याला वाहन दुरुस्तीचा किंवा वाहनं आणि सुटे भाग विकण्याचा धंदा तिथे करता येत नाही.

हेच तत्त्व घरगुती पातळीवर वापरता येतं. मोठं काम निघालं, म्हणजे क्लच, सस्पेन्शन, इंजिन उघडणं वगैरे, तर एका ठिकाणी फक्त तपासणीचे पैसे देऊन निदान करून घ्यायचं आणि काम दुसरीकडे करायचं असं आधीच सांगायचं. दुसऱ्या मिस्त्रीला पहिल्याचं निदान सांगायचं नाही, फक्त लक्षण सांगायचं. "अलाइनमेंट करा" म्हणण्यापेक्षा "गाडी डावीकडे ओढते" हे सांगणं केव्हाही बरं. ग्राहकानेच पार्ट सुचवला की दुखणं बरं करायची जबाबदारी गॅरेजवर राहत नाही.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते?

सर्व्हिस सेंटरचं हे आवडतं अस्त्र. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिलं झाली. पण त्या आदेशातली एक गोष्ट सामान्य माणसाच्या फार कामाची आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असं आयोगाने म्हटलं होतं.

तरी व्यवहार म्हणून वॉरंटीच्या काळात ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात करणंच सोयीचं, कारण क्लेमच्या वेळी वाद घालत बसायला वेळ कोणाला आहे? वॉरंटी संपल्यावर मात्र पुण्यात नाना पेठेतून पार्ट आणून ओळखीच्या मिस्त्रीकडून बसवून घेणारे काही वेडे नाहीत.

बिलात काय बघायचं?

पार्टच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यात सगळे कर धरलेले असतात. एमआरपी लावून वर पुन्हा जीएसटी जोडला असेल तर ती सरळ जादा वसुली आहे. ज्या गॅरेजकडे जीएसटी नंबरच नाही, त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. म्हणून नव्या पार्टचं खोकं आणि काढलेला जुना पार्ट, दोन्ही डिकीत ठेवायला गाडी देतानाच सांगायचं आणि जॉब कार्डवर तसं लिहून घ्यायचं. नंतर मागितलं की "भंगारात गेलं साहेब" हे उत्तर ठरलेलं.

"इन्शुरन्समध्ये बसवून देतो" ही ऑफर आली की थोडं थांबावं. एकही क्लेम न करता पाच वर्षं काढली की प्रीमियमच्या ओन डॅमेज भागावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. बंपरच्या दोन-तीन हजारांच्या कामासाठी तो घालवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जुने डेंट नव्या अपघातात दाखवायचा सल्ला कोणी देत असेल तर ती खोट्या क्लेममधली भागीदारी आहे, आणि क्लेम फॉर्मवर सही मालकाची असते.

बिल मागूनही दिलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ती ऑनलाइनही दाखल होते, वकील सक्तीचा नाही आणि काम पाच लाख रुपयांपर्यंतचं असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. सोबत जॉब कार्ड, एस्टिमेट, पक्कं बिल आणि दुसऱ्या मिस्त्रीचा लेखी अभिप्राय असेल तर तक्रारीला वजन येतं. नुसत्या कच्च्या चिठ्ठीवर पैसे दिले असतील तर आधी काम झालं होतं हेच सिद्ध करत बसावं लागतं.