रु द मोन्सो, 63 नंबर

ठाकुर्लीच्या फलाटावर लोकलमध्ये चढलात आणि उतरलात ते थेट 1936च्या डिसेंबरात, पॅरिसला. तिकडे ठाकुर्लीजवळच्या चोळ्याच्या पॉवरहाऊसमधली वीज रेल्वेगाड्या ओढतेय. इकडे 21 तारखेला रु द मोन्सोवरच्या 63 नंबरच्या घराचं दार लोकांसाठी पहिल्यांदा उघडलंय. आत चला.

घर अठराव्या शतकातलं वाटेल, पण बांधलंय 1911 ते 1914 मध्ये. वास्तुविशारद रने सेर्जांच्या डोळ्यांपुढे व्हर्सायचा ‘प्ती त्रियानों’ महाल होता. मालक मोईज द कामोन्दो, इस्तंबूलहून आलेल्या ज्यू पेढीवाल्यांच्या घराण्यातले. आईवडिलांचं घर पाडून त्यांनी हे उभारलं, ते अठराव्या शतकातल्या फ्रेंच वस्तूंना शोभेलसं बिऱ्हाड मिळावं म्हणून.

मोठी दालनं भराभर ओलांडा. एबेन आणि रिझनरचं लाकूडकाम, विजे ल ब्रँचं चित्र, सगळं परत येऊन बघता येईल. जेवणघरालगतच्या छोट्या खोलीत मात्र थांबा.

इथे कपाटांत सेव्हरच्या पोर्सेलीनची ताटं मांडली आहेत. हिरव्या किनारीच्या आत एकेक पक्षी. ब्यूफाँच्या पक्षिग्रंथातल्या चित्रांवरून ते काढलेत. वाकून बघा, चोच, नखं, छातीवरची पिसं, कुठेही हात राखलेला नाही. प्रत्येक ताटाच्या पाठीवर त्या पक्ष्याचं नाव लिहिलंय. ही ताटं भट्टीतून निघत होती त्याच सुमाराला दिल्लीत महादजी शिंदे बादशाहीचा कारभार हाती घेत होते. जेवणाच्या ताटावर एवढी विद्या आणि एवढी माया ओतणाऱ्या त्या कारागिरांपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

आता 1936वरून दहा-बारा वर्षं मागे सरका. याच खोलीत, याच पक्ष्यांमध्ये मोईज एकटे जेवायला बसलेत. मुलगा निसीम 5 सप्टेंबर 1917 ला फ्रान्ससाठी लढताना विमानातच मारला गेला. पेढी कुणाच्या हाती द्यायची? ती त्यांनी बंद केली. 1935 मध्ये ते गेले तेव्हा मृत्युपत्रात घर आणि सगळा संग्रह देशाच्या नावे होता. संग्रहालयाला निसीमचं नाव द्यावं आणि मांडणीला हात लावू नये, एवढीच त्यांची इच्छा.

पुढची वर्षं टाळून परत फिरता येणार नाही. लेक बेआत्रीस, तिचा घटस्फोटित नवरा लेओं रेनाक, मुलं फानी आणि बेर्त्राँ, चौघांनाही ज्यू म्हणून फ्रान्समध्येच पकडलं आणि आउशविट्झला पाठवलं. 1943च्या नोव्हेंबरात लेओं आणि मुलांना नेलं, 1944च्या मार्चमध्ये बेआत्रीसला. एकही परतलं नाही. भावाने देशाला प्राण दिले, बापाने घर दिलं, पण लेकीला त्या देशाने वाचवलं नाही. मला याचा संताप येतो.

आज त्या घराच्या दाराशी या सर्वांच्या नावांची पाटी आहे. गेलात तर ताटांच्या आधी ती वाचा.