तंजावरच्या गादीचा कौल

राजाही निवडला जातो, आणि निवडणारे कधी कधी अवघे बारा असतात, हे तंजावरच्या इतिहासात पाहावयास मिळते. १७८७ मध्ये तुळजाजी महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस त्यांनी भोसले कुळातील बाल सरफोजीस दत्तक घेतले होते. सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला, तेव्हा मद्रासचे गव्हर्नर कँपबेल यांनी बारा पंडितांचे मत घेतले. मुलगा पित्याचा एकुलता एक, वयानेही मोठा; सबब दत्तविधान अशास्त्र, असा कौल पडला व अमरसिंह राजे झाले.

एकुलता मुलगा दत्तक देऊ नये, हे वचन धर्मशास्त्रात आहे खरे. पण तो निषेध की केवळ उपदेश, हा वाद जुनाच. त्याच फटीतून पुढे राज्य फिरले. सरफोजीचा कैवार श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने घेतला. मराठा राजपुत्र आणि ख्रिस्ती पालक, हा योग कर्मठांस रुचणे कठीणच! (सरफोजी मात्र अखेरपर्यंत हिंदूच राहिले.) १७९३ मध्ये मुलास मद्रासला हलविण्यात आले. पुढे काशी व बंगालच्या पंडितांस विचारता तेच दत्तविधान सशास्त्र ठरले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. तो सोहळा पाहावयास श्वार्ट्झ उरला नव्हता. लगोलग १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती राहिला किल्ला, सालिना एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. तो वसूल ज्या तमिळ रयतेच्या कष्टातून उभा राही, तिचे मत दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

पदच्युत अमरसिंह मध्यार्जुनास जाऊन राहिले व १८०२ मध्ये वारले.