पुंगळी, लष्करी रायफलची

बार उडाल्यानंतर काडतुसाचे जे पितळी कवच उरते ते. लष्करी पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी घट्ट राहावी म्हणून भोवतालचे पितळ आत दाबलेले असते. या दाबाला क्रिंप म्हणतात. अशी पुंगळी पुन्हा भरण्याजोगी करणे हा अमेरिकेसारख्या देशांत नेमबाजांचा मान्य घरगुती उद्योग आहे. भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे.

मंडणगड तालुक्यात बंदूक म्हटली की बहुतेकांना आठवते ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. तिच्यात दारू, छर्रे आणि टोपी वेगवेगळी असतात. टोपी बाहेरच्या नळीवर बसवतात आणि घोडा तिच्यावर आपटतो. काडतुसात हे सगळे एकाच पितळी कवचात सामावले आणि टोपी बुडाच्या खळग्यात गेली. ठिणगी पाडण्याचे काम मात्र तेच राहिले. या बदलाचा काळ तालुक्यातील आंबडवे गावच्या सकपाळ घराण्याने पलटणीत पाहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी कंपनी सरकारच्या फौजेत होते, तर वडील रामजी सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि काही काळ शेजारच्या दापोलीत राहिले. या दोन पिढ्यांच्या दरम्यान हिंदी पलटणींतील ठासणीच्या बंदुका जाऊन पितळी काडतुसाच्या स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री रायफली आल्या.

धातू आणि घडण. पुंगळीचे पितळ साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असे असते. पत्र्याच्या चकतीची वाटी करून ती साच्यांतून टप्प्याटप्प्याने ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. बूड कडक आणि जाड, तोंड मऊ आणि पातळ अशी घडण हवी असते. बार उडताना तोंड फुगून नळीच्या खोलीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. बुडाने मात्र जागा सोडता कामा नये. लष्करी पुंगळीच्या तोंडाशी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती शेवटच्या तापवणीची खूण आहे. तिला डाग समजून कोणी घासत बसू नये.

ही तापवणी किती मोलाची, हे हिंदुस्थानातल्या पावसाळ्याने शिकवले. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवून ठेवत आणि उघडीप झाल्यावर बाहेर काढत, तेव्हा अनेक पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले आढळत. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओढकामात पितळात अडकून राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की तडा जातो. ताण तापवून घालवला की तडा टळतो. पुंगळ्या धुताना अमोनिया असलेले द्रावण वापरू नये, हा नियम त्याच शोधातून आला.

महाराष्ट्रातील कारखाने. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. त्याच्या पुंगळ्यांच्या बुडावर के एफ ही अक्षरे असतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगावची आयुध निर्माणी 1964 ची असून तिची खूण ओ एफ व्ही अशी आहे, तेथे 5.56 आणि 7.62 मिलिमीटरची काडतुसे होतात. 1 ऑक्टोबर 2021 पासून हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. गोळीबाराच्या मैदानावर जवानांकडून रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतल्या जातात. जवानांच्या बोलीत त्या 'खोखे'. हिशेब जुळेपर्यंत मैदान सुटत नाही, आणि ही शिस्त योग्यच आहे.

क्रिंप कशासाठी. स्वयंचलित शस्त्रात काडतूस जोराने खोलीत ढकलले जाते आणि तितक्याच जोराने पुंगळी बाहेर फेकली जाते. या धक्क्यात टोपी निसटून चापाच्या यंत्रणेत पडली, तर ऐन चकमकीत शस्त्र अडते. म्हणून टोपी बसवल्यावर भोवती गोल वळे दाबतात, नाहीतर तीन-चार ठिकाणी ठोके देतात. ओल आत जाऊ नये म्हणून सांध्यावर लाखेचा रंगीत थरही देतात. युद्धासाठी केलेली ही पुंगळी एकदाच वापरायची असते. पुन्हा भरणाऱ्याची सारी अडचण तिथून सुरू होते.

पुन्हा भरण्याची तयारी. पहिले काम निवडीचे. बुडाच्या किंचित वर चकचकीत वळे दिसले तर पितळ तिथे ताणून पातळ झाले आहे, आणि अशा पुंगळीचे पुढच्या बाराला दोन तुकडे होऊ शकतात. मशीनगनमधून आलेल्या पुंगळ्यांत हा दोष जास्त आढळतो. मग टोपीची जात पाहतात. अमेरिकन हायरम बर्डन याच्या पद्धतीत खळग्यात उंचवटा आणि कडेला दोन बारीक छिद्रे असतात, तर इंग्रज एडवर्ड बॉक्सर याच्या पद्धतीत मधोमध एकच छिद्र असते. युरोपीय लष्करांनी बर्डनची पद्धत उचलली आणि अमेरिकेने बॉक्सरची. मधल्या छिद्रातून खिळा घालून टोपी सहज काढता येते, म्हणून घरगुती भरणी बॉक्सरच्या पुंगळीवरच चालते. खडकीच्या जुन्या .303 पुंगळ्या बर्डन पद्धतीच्या असल्याने त्या कामी येत नाहीत.

टोपी निघाली तरी दाबलेली कड उरते. ती रीमरने कापतात किंवा पोलादी दट्ट्याने बाहेर सारून खळगा मूळ आकारात आणतात. दट्ट्याची रीत बरी, कारण तिच्यात धातू कमी होत नाही. कड राहिली तर नवी टोपी वाकडी बसते, प्रसंगी बसवतानाच फुटते. जास्त कापली तर टोपी सैल राहते आणि वायू गळतो. खळग्याचा व्यास लहान टोपीला सुमारे 4.45, मोठीला सुमारे 5.33 मिलिमीटर, इतक्या लहान मापात चूक डोळ्यांना दिसत नाही, गेज लागतेच. नंतर पुंगळी डायमध्ये दाबून मूळ मापावर आणतात आणि वाढलेली लांबी छाटतात. 5.56 ची लांबी 44.70 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. लष्करी पुंगळीची भिंत बहुधा जाड, त्यामुळे आतली जागा कमी. तितकीच दारू घातली तरी दाब वाढतो. टोपीच्या राखेत शिसे असते. सफाईची धूळ श्वासात जाऊ देणे हा या उद्योगातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे.

कायदा. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. कलम 5 नुसार परवान्याशिवाय निर्मितीला मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान 7 वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. जोडीचे इतर भाग वापरून काडतूस करण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना कलम 45 सूट देते. त्या सुटीचा आधार घेऊन कोणी पुंगळ्यांचा साठा करू नये.

माजी सैनिकाच्या जुन्या ट्रंकेत काडतूस सापडले, तर आधी बुडाकडे पाहावे. टोपीवर खळगी उमटलेली असली तरी पुढे गोळी बसलेली असेल, तर बार उडालेला नाही. ते जिवंतच समजावे. ते घासू नये, भंगारात देऊ नये, खिशात घालून कुठे नेऊ नये. आहे तिथेच ठेवून मंडणगड पोलीस ठाण्यात कळवावे.