परसबाग: घरामागच्या छोट्या जागेत वर्षभर भाजी कशी मिळते?

पावसाळ्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुडीचे भाव वाढले की सोशल मीडियावर ‘घरीच भाजी लावा’ अशा पोस्ट फिरू लागतात. अनेक जण उत्साहाने बियाणं आणतात. महिनाभर भरपूर भाजी येते आणि मग वाफे ओस पडतात. असं का होतं? आणि परसबाग वर्षभर चालू कशी ठेवता येते?

परसबाग म्हणजे नेमकं काय?

परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. कोकणात आणि कोल्हापूरकडे तिला परडं म्हणतात. न्हाणीचं पाणी वाहून जातं तिथे अळू आणि केळ, कोपऱ्यात शेवगा, कुंपणावर घेवडा आणि गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल, ही जुनी मांडणी. यात हिशोब असायचा. जास्त पाणी लागणारं झाड पाण्याजवळ आणि वेल आधारावर गेला की खालची जमीन पालेभाजीला मोकळी राहायची.

सगळी भाजी घरीच पिकते का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला हव्यात. म्हणजे चार मोठ्या माणसांच्या घराला रोज सुमारे १.६ किलो. छोट्या परसातून एवढं निघणं अवघड आहे.

मात्र ताटात रोज ताजी पालेभाजी येऊ शकते, आणि ती महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाज्यांमधून लोह आणि फोलेट मिळतं. भाजीवर लिंबू पिळलं तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे हे लोह शरीरात जास्त शोषलं जातं. अर्थात, रक्तक्षय असेल तर भाजी हा औषधाला पर्याय नाही.

वाफे रिकामे का पडतात?

सगळं बियाणं एकाच दिवशी पेरल्यामुळे. मेथी साधारण २५ ते ३० दिवसांत काढणीला येते आणि उपटली की संपते. म्हणून वाफ्याचे पट्टे पाडून दर १०-१५ दिवसांनी एकेक पट्टा पेरावा. पालक मुळासकट न उपटता वरून कापला तर पुन्हा फुटतो.

पोषण परसबागेच्या एका प्रचलित रचनेत गोल जागेचे सात वाफे करतात. आठवड्याचा एकेक दिवस एकेका वाफ्याचा. राज्यात ‘उमेद’ अभियानातून ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीमही राबवली गेली आहे.

ऋतूनुसार काय लावायचं?

पावसाळ्यात दोडका, कारली, काकडी. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, टोमॅटो. उन्हाळ्यात गवार, भेंडी, लाल माठ. शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू एकदा लावले की अनेक वर्षं साथ देतात. जागेवर दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवं. भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्यांना चालतं. साबणाचं पाणी पालेभाजीवर टाकू नये.

बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं का?

संकरित वाणाचं बी पुन्हा पेरलं तर पुढचं पीक तसंच येईल याची खात्री नसते. देशी, सरळ वाणाचं बी मात्र जपता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम केलं. कधीही शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणून ओळखतात.

घरी सुरुवात करायची तर वेलावरचा एक चांगला दुधी किंवा घेवड्याच्या मूठभर शेंगा न तोडता पूर्ण वाळू द्याव्यात. बी काढून सावलीत सुकवावं, राखेत मिसळून कोरड्या डब्यात ठेवावं आणि डब्यावर वाणाचं नाव व तारीख लिहावी. पुढच्या हंगामात बियाणं घरचंच असेल.