स्विंग आणि जंप ब्लूज म्हणजे काय? रॉक अँड रोलच्या आधीच्या संगीताची गोष्ट

रॉक अँड रोल म्हटलं की एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी, बिल हेली ही नावं आठवतात. पण त्यांच्या आधी, १९४०च्या दशकात, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या ज्यूकबॉक्सवर लुई जॉर्डन या सॅक्सोफोनवादक-गायकाचं राज्य होतं. ते जे वाजवायचे, त्याला 'जंप ब्लूज' म्हणतात. हे संगीत आलं कुठून आणि त्याचं नाव मागे का पडलं?

स्विंग म्हणजे नेमकं काय?

स्विंग ही जॅझमधली नाचासाठीची शैली. यात एका मात्रेचे दोन भाग केले, तर ते सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. त्यामुळे ताल सरळ न चालता झुलतो. बँडमध्ये साधारण १५ वादक असायचे. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गटाने एक तुकडा वाजवला की सॅक्सोफोनचा गट उत्तर द्यायचा, सवाल-जवाबासारखं.

२१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमन यांचा कार्यक्रम तुफान गाजला. स्विंगच्या सुवर्णकाळाची ती सुरुवात मानली जाते. गुडमन गोरे होते, पण त्या रात्री गाजलेल्या अनेक रचनांची बांधणी फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराची होती. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये तर १९२६ पासूनच सॅव्हॉय बॉलरूम सुरू होतं. वर्णभेदाच्या त्या काळातही तिथे काळे आणि गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे.

मोठे बँड का संपले?

दुसऱ्या महायुद्धात वादक सैन्यात भरती झाले. पेट्रोल आणि टायरवर रेशनिंग आल्यामुळे बँडचे दौरे अवघड झाले. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने मानधनाच्या मुद्द्यावर रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. त्यात १९४४ मध्ये नाच-गाण्याची सोय असलेल्या हॉटेल-क्लबच्या बिलावर सरकारने ३० टक्के कर लावला. तो त्याच वर्षी २० टक्क्यांवर आणला गेला, तरी १५ जणांचा बँड पोसणं परवडेनासं झालं.

मग बँड लहान झाले. चिक वेब यांच्या बिग बँडमध्ये वाजवलेल्या जॉर्डन यांनी आपला छोटा बँड काढला, 'टिम्पनी फाइव्ह'. नावात 'फाइव्ह' असलं, तरी त्यात अनेकदा पाचपेक्षा जास्त वादक असायचे.

जंप ब्लूज ओळखायचं कसं?

चार मात्रांच्या १२ खंडांचा ब्लूजचा साचा, खाली धावणारा बूगी-वूगीचा बेस, कर्कश म्हणावा इतका जोरकस टेनर सॅक्सोफोन आणि बँडवर मात करणारा खडा आवाज. गाण्यांत पार्टी, भांडण, खाणंपिणं आणि भरपूर विनोद. स्विंगचा झुलता ताल तोच, फक्त वादक कमी आणि जोर जास्त.

जॉर्डन यांचं 'चू चू चबूगी' हे गाणं १९४६ मध्ये 'बिलबोर्ड'च्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तेव्हा अशा संगीताला 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत. 'रिदम अँड ब्लूज' हे नाव 'बिलबोर्ड'ने १९४९ मध्ये स्वीकारलं.

मग श्रेय कुणाला?

डेक्का कंपनीत जॉर्डन यांची गाणी निर्माते मिल्ट गॅब्लर करून घ्यायचे. १९५४ मध्ये जॉर्डन डेक्कातून बाहेर पडले आणि त्याच वर्षी गॅब्लर यांनी बिल हेली यांचं 'रॉक अराउंड द क्लॉक' रेकॉर्ड केलं. चक बेरी यांच्या 'जॉनी बी. गुड'ची (१९५८) प्रसिद्ध गिटारची सुरुवात, जॉर्डन यांच्या १९४६ मधल्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन'मध्ये कार्ल होगन यांनी वाजवलेल्या सुरुवातीशी थेट जुळते. दोन्ही एकापाठोपाठ ऐकली की वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. जॉर्डन यांचं १९७५ मध्ये निधन झालं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं ते १९८७ मध्ये.

मुंबईशी काय नातं?

स्विंगची लाट मुंबईतही आली होती. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलमध्ये टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे आफ्रिकन-अमेरिकन कलाकार वाजवत होते. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, याच वातावरणात पुढे आले. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी त्यांना सिनेमासंगीतात सोबत घेतलं. 'अलबेला'मध्ये (१९५१) चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

आज ऐकायला सुरुवात कुठून?

१९९०च्या दशकात अमेरिकेत हे संगीत परतलं. ब्रायन सेट्झर ऑर्केस्ट्राने लुई प्रीमा यांचं १९५६ मधलं 'जंप, जाइव्ह अँड वेल' नव्याने गायलं आणि ग्रॅमी जिंकलं. नव्या श्रोत्यांनी हा क्रम धरावा:

- काउंट बेसी: 'वन ओ'क्लॉक जंप' (१९३७)
- लायनेल हॅम्प्टन: 'फ्लाइंग होम' (१९४२). यातला सॅक्सोफोन १९ वर्षांच्या इलिनॉय जॅकेट यांचा.
- लुई जॉर्डन: 'कॅल्डोनिया' (१९४५)
- वायनोनी हॅरिस: 'गुड रॉकिन टुनाइट' (१९४८)
- बिग जो टर्नर: 'शेक, रॅटल अँड रोल' (१९५४)

पाच गाण्यांत १७ वर्षांचा प्रवास होतो. यातलं शेवटचं गाणं बिल हेली यांनीही त्याच वर्षी गायलं. तेही लगेच ऐकावं.