'भाग घेणे' आणि कर्डे गावचा न्हावी

शाळेत गुरुजी पोरांना 'टेक पार्ट' हा इंग्रजी वाक्प्रचार शिकवतात. 'टेक' म्हणजे घे, 'पार्ट' म्हणजे भाग. एखादं चलाख पोर लगेच विचारतं, "म्हणजे वाटा घरी न्यायचा का, गुरुजी?" तसं नव्हे. इथे घ्यायचा तो कामाचा वाटा. आपली जुनी माणसं यालाच 'सामील होणे' म्हणत; आणि आतून साथ असली, की 'यात त्याचं अंग आहे' असं म्हणत.

पण काहीच न करता भाग घेता येतो का? याचा दाखला आपल्या शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी आहे.

१८७४ सालचा डिसेंबर. कापसाचे भाव उतरलेले, सारा वाढलेला, कुणबी कर्जात बुडालेला. कालुराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या मामल्यात बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. देशमुख गावातले वजनदार. गावाने ठरवलं, की सावकारांचं शेत कुणी करायचं नाही, पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. दारात घाण टाकण्यापर्यंतही मजल गेली. ते काही शोभणारं नव्हतं. अखेर सावकारांनी शिरूर गाठलं.

आता त्या न्हाव्याकडे पाहा. त्याने केलं काय? वस्तरा धोपटीत ठेवला, एवढंच. गिऱ्हाईक गेलं, मिळकत बुडाली. पण भाग त्यानेही घेतला.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात निराळं घडलं. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात. आजच्या दौंडचा बराच मुलूखही त्यातच मोडे. लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, रोखे आणि वह्या जाळल्या. मग कोर्टात प्रश्न आला, भाग कुणी घेतला? १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे बेकायदा जमाव असला, तर समान उद्देशासाठी एकाने केलेला गुन्हा जमावातल्या प्रत्येकावर येई. काडी एकाने लावावी आणि शिक्षा शेजारच्यालाही व्हावी! मीठ-मिरची घ्यायला आलेल्या माणसाने आपला उद्देश वेगळा होता हे दाखवायचं तरी कसं?

सरकारने चौकशीला कमिशन नेमलं. १८७९ च्या कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं, आणि स्पष्ट गहाण नसलेली त्याची जमीन विकायलाही आळा बसला.